अडगळीतले चाक आणि चित्ताचा धागा

जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात अंकुशनगर हे साखर कारखान्यामुळे नावारूपास आलेले गाव. उसाचे फड आणि कपाशीची शिवारे ही या परिसराची ओळख. बोंडे फुटतात, वेचणी होते, कापूस गाडीत भरून जिनिंगकडे रवाना होतो. पुढे त्याचे सूत कुठे निघते आणि कापड कुठे विणले जाते, याच्याशी वेचणाऱ्या हातांचा काहीही संबंध उरत नाही. कापूस पिकवणाऱ्या मुलखातून सूत काढण्याची कला नाहीशी झाली, त्याला आता शतकाहून अधिक काळ लोटला. मात्र या कलेचे साधन, म्हणजे चरखा, एकदा मरून पुन्हा जन्मले होते. त्याला दुसरा जन्म देणाऱ्या माणसाचे चरित्र आपण राजकारणाच्या अंगाने पुष्कळदा वाचले आहे. ते या चाकाच्या अंगाने वाचले तर एक निराळाच माणूस समोर येतो. हा माणूस म्हणजे मोहनदास करमचंद गांधी.

कालबाह्य झालेले यंत्र टाकून द्यायचे, हा जगाचा रिवाज. गांधीजींनी ते माळ्यावरून खाली काढले, त्याची धूळ झटकली, त्याच्या रचनेत सुधारणा केल्या आणि मूळ कामाच्या जोडीला त्याला आणखी एक काम दिले. सूत काढता काढता माणसाचे विखुरलेले मन गोळा करणे, हे ते काम. पडद्यांच्या चकचकाटात लक्ष हरवून बसलेल्या आजच्या शहरी वाचकाला सजगता हा शब्द नव्याने भेटला आहे. त्यामुळे हा प्रयोग, त्याचे यश आणि अपयश दोन्हींसह, पुन्हा पाहण्याजोगा ठरतो.

गांधीजींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला झाला. १८८८ मध्ये ते विलायतेस गेले, १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले आणि १८९३ मध्ये वकिलीच्या कामानिमित्त दक्षिण आफ्रिकेत पोहोचले. चरख्याचा विचारही त्यांच्या मनात नव्हता तेव्हा, १९०४ च्या डिसेंबरात, एक प्रसंग घडला. दर्बानजवळ फिनिक्स येथे त्यांनी वसाहत उभारली आणि इंडियन ओपिनियन या साप्ताहिकाचा छापखाना तेथे हलवला. छपाईसाठी तेलावर चालणारे इंजिन होते. पण ऐनवेळी इंजिन रुसले तर काय, या विचाराने गांधीजींनी हाताने फिरवायचे एक मोठे चाकही बसवून घेतले होते. नेमके पहिल्याच रात्री इंजिन बंद पडले. हाताचे चाक फिरवायला चार माणसे लागत आणि छापखान्याची माणसे तर थकून गेली होती. तेथेच झोपलेल्या सुतारांना उठवण्यात आले. भजने म्हणत, आळीपाळीने चाक फिरवत सर्वांनी रात्र जागवली आणि अंक वेळेवर निघाला. सकाळी इंजिन निमूटपणे सुरू झाले. पुढे एक काळ असा आला की, इंजिन चालू स्थितीत असूनही फिनिक्सवासीयांनी ते मुद्दाम बाजूला ठेवले आणि हाताने चाक फिरवणे पसंत केले. त्या वसाहतीच्या नैतिक उंचीचे दिवस म्हणून गांधीजींनी पुढे याच दिवसांचा उल्लेख केला. जुने साधन स्वेच्छेने हाती घेतले की माणसात काहीतरी पालटते, याचा हा त्यांना आलेला पहिला ठळक अनुभव होय.

१९०९ मध्ये लिहिलेल्या हिंद स्वराज्य या पुस्तकात त्यांनी हातमागाचा पुरस्कार केला. गंमत अशी की, तोवर त्यांनी माग किंवा चरखा पाहिल्याचे त्यांनाच आठवत नव्हते. १९१५ मध्ये ते भारतात परतले, तेव्हाही चरखा त्यांच्या दृष्टीस पडलेला नव्हता. अहमदाबादच्या आश्रमात माग आले, पण सूत गिरणीचेच वापरावे लागे. हाती कातलेले सूत मिळेना आणि कातणारेही सापडेनात. गुजरातेतील भडोच येथे भरलेल्या एका शिक्षण परिषदेत त्यांची गंगाबेन मजमुदार या धाडसी विधवेशी गाठ पडली. चरखा शोधून काढण्याची जबाबदारी या बाईंनी घेतली. पुष्कळ भटकंतीनंतर बडोदा संस्थानातील विजापूर येथे त्यांना चरखे सापडले. घरोघरी ते अडगळीत पडून होते. पेळू नियमित मिळाले आणि सूत विकत घेतले गेले तर पुन्हा कातायला बसण्याची तेथील बायकांची तयारी होती. आश्रमात मगनलाल गांधी यांनी या चरख्यात सुधारणा करण्याचे काम अंगावर घेतले आणि तेथेच चरखे व चात्या तयार होऊ लागल्या.

यानंतरचा प्रसंग मुंबईचा आहे. १९१८ च्या उत्तरार्धात गांधीजी मरणाच्या दारातून परतले होते. गावदेवीतील मणिभवन या रेवाशंकर झवेरी यांच्या घरी ते अंथरुणाला खिळून होते. त्यांच्या खोलीत चरखा आणण्यात आला आणि त्याची गुणगुण सुरू झाली. आपल्या प्रकृतीला उतार पडण्यात या आवाजाचा वाटा लहान नव्हता, अशी कबुली त्यांनी आत्मकथेत दिली आहे. त्यांचा प्रामाणिकपणा असा की, हा परिणाम देहापेक्षा मनावर अधिक झाला असेल, हेही त्यांनी मान्य केले. पण मनाचा देहावर किती अंमल चालतो, याचाच तो पुरावा असल्याचे त्यांना वाटले. याच घरावरून एक पिंजारी रोज धनुकलीची तार छेडत जाई. गाद्यांसाठी कापूस पिंजणाऱ्या या कारागिराला गांधीजींनी वर बोलावले आणि त्याच्याकडून पेळूंसाठी कापूस पिंजून घेतला. अवंतिकाबाई गोखले यांच्यासारख्या भगिनी येथे सूतकताईत सामील झाल्या. चरख्याचा आर्थिक आणि राजकीय अर्थ पुढे देशभर गाजला. मात्र त्याचा मानसिक अर्थ या आजाऱ्याच्या खोलीत गवसला होता.

चरखा मनावर काम करतो, ते कसे? कातणाऱ्याचा उजवा हात चाक फिरवतो, डाव्या हातात पेळू असतो. चातीच्या टोकाला लागलेला पेळू हळूहळू मागे खेचत न्यायचा. चातीच्या फेऱ्यांनी तंतूंना पीळ बसतो आणि धागा जन्माला येतो. हात पुरता लांबला की चाक किंचित उलटे फिरवून धागा चातीच्या टोकावरून सोडवायचा आणि पुन्हा सुलटे फिरवून तो चातीवर गुंडाळायचा. क्रिया इतकीच. पण हात घाईने मागे गेला तर पीळ अपुरा पडून धागा तुटतो. हात रेंगाळला तर पीळ जास्त होऊन धाग्याला गाठी पडतात. मन क्षणभर दुसरीकडे गेले तर धागा एके ठिकाणी जाड आणि दुसरीकडे बारीक निघतो. म्हणजे चरखा कातणाऱ्याला दर क्षणी उत्तर देत असतो. उपदेश न करता तो चूक दाखवतो आणि तुटलेले टोक जोडून पुन्हा सुरुवात करण्याची मुभाही देतो. माळेचे मणी ओढताना मन कुठे गेले, हे कुणालाच कळत नाही. चरख्यावर मात्र मनाच्या भटकंतीची नोंद धाग्यावरच उमटते. गांधीजींनी कताईला यज्ञ मानले, ते या अर्थाने.

व्यक्तीच्या साधनेतून राष्ट्राचा कार्यक्रम घडवताना मात्र अडचणी सुरू झाल्या. १९२१ मध्ये बेझवाडा येथील बैठकीत काँग्रेसने देशात २० लाख चरखे चालू करण्याचा संकल्प सोडला. त्याच वर्षी ३१ जुलै रोजी मुंबईत परळ येथे विदेशी कापडाची मोठी होळी झाली. मार्च १९२२ मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना पुण्याजवळच्या येरवडा तुरुंगात आणण्यात आले. वाचन आणि कताई हा त्यांचा तेथील दिनक्रम बनला. जानेवारी १९२४ मध्ये ससून रुग्णालयात त्यांच्यावर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली आणि ५ फेब्रुवारीस सुटका झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बेळगाव येथे काँग्रेसचे अधिवेशन त्यांच्या अध्यक्षतेखाली भरले. अध्यक्षपद त्यांनी आयुष्यात एकदाच भूषवले, ते येथे. चार आण्यांच्या वर्गणीऐवजी प्रत्येक सभासदाने दरमहा २००० वार सूत द्यावे, हा नियम तेथे मान्य झाला. आजारपण किंवा अनिच्छा असेल तर दुसऱ्याने कातलेले सूत देण्याची सवलतही ठेवण्यात आली.

या सवलतीतच प्रयोगाचे अपयश दडलेले होते. दुसऱ्याकडून कातून घेतलेल्या सुताने सभासदत्व मिळू शकते. चित्ताचे स्थैर्य मिळत नाही. वर्ष सरण्याआधीच, सप्टेंबर १९२५ मध्ये पाटणा येथे ही सक्ती मागे घ्यावी लागली. गांधीजींनी तेथेच अखिल भारतीय चरखा संघाची स्थापना करून हे काम पक्षाच्या राजकारणापासून वेगळे केले. ध्यान हुकमाने लादता येत नाही, हा धडा त्यांना किंमत मोजून शिकावा लागला.

टीकाकारही सामान्य नव्हते. रवींद्रनाथ टागोरांनी १९२५ मध्ये चरख्याच्या पंथाविरुद्ध सविस्तर लेख लिहिला. तीच हालचाल अखंड करीत राहिल्याने मन जागे होण्याऐवजी बधिर होते आणि सर्वांना एकाच साच्यात घालणे सर्जनशीलतेला मारक ठरते, असा त्यांचा आक्षेप होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अधिक मूलभूत मुद्दा मांडला. माणसाला पशूच्या पातळीवरून वर उठण्यासाठी फुरसत लागते आणि ती फुरसत यंत्रेच मिळवून देतात. यंत्राला विरोध म्हणजे कष्टकऱ्यांना कायमचे कष्टात ठेवणे, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते. हे दोन्ही आक्षेप आजही बोथट झालेले नाहीत. ज्याला स्वेच्छेने अर्धा तास कातायचे आहे त्याचा चरखा आणि जिला पोटासाठी दिवसभर कातावे लागते तिचा चरखा, हे दिसायला सारखे असले तरी एक नव्हेत.

गांधीजींना हा भेद कळत नव्हता, असे नाही. यंत्राचा त्यांना तिटकारा असता तर त्यांनी चरख्याच्या सुधारणेसाठी १९२९ मध्ये एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले नसते. अटी कठीण होत्या. चरखा वजनाने हलका असावा, खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालवता यावा, एखादी स्त्री न थकता सलग आठ तास तो चालवू शकावी, तेवढ्या वेळात १६,००० वार सूत निघावे, किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी आणि तो २० वर्षे टिकावा. आजच्या भाषेत याला रचनाकाराला दिलेले चोख कामपत्रच म्हणावे लागेल. सांगली भागातील किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात काळे यांनी तयार केलेला चरखा या स्पर्धेत बराच पुढे गेला; पण कसोटीला पुरता उतरला नाही. हे बक्षीस अखेरपर्यंत कुणालाच मिळाले नाही.

लाखाच्या बक्षिसाने जे साधले नाही, ते निराळ्या दिशेने तुरुंगात साधले. मिठाच्या सत्याग्रहात ५ मे १९३० रोजी पकडल्यावर गांधीजी पुन्हा येरवड्यात आले. या तुरुंगाला ते येरवडा मंदिर म्हणत आणि पत्रांवर पत्ताही तसाच घालत. काकासाहेब कालेलकर काही काळ त्यांच्यासोबत होते. दर मंगळवारी आश्रमवासीयांसाठी व्रतांवर एक प्रकरण लिहायचे, उरलेल्या वेळात कातायचे आणि चरख्याशी खटपट करायची, असा क्रम चालला. त्यातून पेटी-चरखा आकाराला आला. तो पुढे येरवडा चक्र या नावाने प्रसिद्ध झाला. जुन्या चरख्याचे चाक हात-दीड हात व्यासाचे असे; ते घेऊन प्रवास करणे अशक्यच. येरवडा चक्रात एका मोठ्या चाकाऐवजी दोन लहान चाके आडवी बसवलेली असतात. हाताने फिरवलेले पहिले चाक माळेच्या साहाय्याने दुसऱ्या चाकाच्या लहान कप्पीला गती देते आणि दुसरे चाक चातीला. गती दोन टप्प्यांत वाढत जात असल्याने मोठ्या चाकाची गरज उरत नाही. सारे साहित्य एका लाकडी पेटीत मिटून ठेवता येते आणि पेटी काखेत मारून कुठेही नेता येते. घरातली चूल आणि ओसरी सोडून चरखा रेल्वेच्या डब्यात, सभेच्या मंडपात, तुरुंगाच्या कोठडीत पोहोचला, तो या रचनेमुळे.

१९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी गांधीजी विलायतेस गेले, तेव्हा चरखाही त्यांच्याबरोबर होता. भारतातील बहिष्काराची झळ बसलेल्या लँकेशायरच्या गिरणी कामगारांना ते मुद्दाम जाऊन भेटले. लंडनमध्ये चार्ली चॅप्लिन यांच्याशी त्यांची यंत्रांविषयी चर्चा झाली. पाच वर्षांनी चॅप्लिन यांचा मॉडर्न टाइम्स हा यंत्राच्या चाकात सापडलेल्या माणसाचा चित्रपट आला, हे येथे सहज आठवते.

१९३६ पासून वर्ध्याजवळचे सेवाग्राम हे गांधीजींचे घर झाले. तेथून जवळच नालवाडीला विनोबा भावे यांनी कताईच्या मजुरीवर जगून पाहण्याचा प्रयोग केला. कातणाऱ्याला मिळणारी मजुरी किती तुटपुंजी आहे, हे अशा अनुभवांतून उघड झाले. खादी महाग झाली तरी चालेल, पण कातणारीला पोटापुरते मिळालेच पाहिजे, हा आग्रह गांधीजींनी १९३५ पासून चरखा संघात धरला. साधना करणाऱ्याची शांती दुसऱ्याच्या उपासमारीवर उभी राहू नये, ही त्यामागची भूमिका होती.

९ ऑगस्ट १९४२ रोजी अटक झाल्यावर पुण्याच्या आगाखान महालातील बंदिवास त्यांच्या वाट्याला आला. सहाव्याच दिवशी, १५ ऑगस्टला, महादेवभाई देसाई गेले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांनी देह ठेवला. गांधीजींनी कातलेल्या सुताची साडी त्यांना अखेरच्या प्रवासासाठी नेसवण्यात आली. बासष्ट वर्षांच्या सहजीवनाचा निरोप एका हाताने काढलेल्या धाग्यांनी झाला. चरख्याच्या इतिहासातील हे सर्वांत मूक आणि सर्वांत बोलके पान आहे.

मे १९४४ मध्ये सुटका झाल्यावर सेवाग्रामला चरखा संघाच्या बैठकीत त्यांनी आत्मपरीक्षण केले. खादीची दुकाने वाढली, विक्री वाढली. पण विकत घेणारे कातत नव्हते. आपण उभारलेले काम व्यापाराच्या वाटेने गेले, हे त्यांनी मान्य केले. खादी घेणाऱ्याने किमतीचा काही भाग सुताच्या रूपाने द्यावा, असा नियम त्यानंतर करण्यात आला. विक्रीला त्याचा फटका बसणार, हे दिसत असूनही त्यांनी माघार घेतली नाही. बेळगावच्या चुकीची ही पुनरावृत्ती होती की तिची दुरुस्ती, याविषयी मतभेद होऊ शकतात. मात्र वस्तू मिळाली आणि कृती हरवली तर सारेच हरवले, ही त्यांची व्यथा खरी होती.

१९४६ मध्ये मार्गारेट बर्क-व्हाइट ही अमेरिकन छायाचित्रकार पुण्याच्या निसर्गोपचार केंद्रात गांधीजींचे छायाचित्र घ्यायला आली. चरख्यासह छायाचित्र हवे असेल तर आधी कातायला शिकावे लागेल, अशी अट तिला घालण्यात आली. यंत्रयुगाच्या भव्य प्रतिमांसाठी गाजलेली ही बाई चरख्यापुढे बसली आणि तिचा धागा वारंवार तुटला. त्यानंतर तिला आत जाण्याची परवानगी मिळाली. तो मौनाचा दिवस होता आणि उजेडाचे दिवे मोजकेच वापरता येणार होते. पहिले प्रयत्न फसले. मग ते जगप्रसिद्ध छायाचित्र निघाले. बटण दाबण्याआधी थांबायला शिकवणारा यापेक्षा उत्तम पाठ कोणता असेल?

२२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने राष्ट्रध्वज स्वीकारला, तेव्हा चरख्याच्या जागी अशोकचक्र आले. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. येरवड्यात वापरलेला एक चरखा त्यांनी अमेरिकन मिशनरी फ्लॉइड पफर यांना भेट दिला होता. तो नोव्हेंबर २०१३ मध्ये इंग्लंडमधील लिलावात १,१०,००० पौंडांना विकला गेला. ध्वजासाठी हातकताईच्या खादीचे बंधन होते. नांदेड आणि उदगीर येथील खादी केंद्रांनी हे काम वर्षानुवर्षे सांभाळले. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहितेत बदल होऊन यंत्रावर तयार केलेल्या आणि पॉलिएस्टरच्या ध्वजांनाही मुभा मिळाली. चाक पुन्हा एकदा माळ्याच्या दिशेने निघाले आहे.

गांधीजींच्या चरख्याने गिरण्या बंद पाडल्या नाहीत, प्रत्येक हाताला कामही दिले नाही. अर्थशास्त्राच्या तराजूत त्याचे माप काढताना त्याची मर्यादा लपवण्याचे कारण नाही. पण तुरुंगात, आजारपणात, जिवलगांच्या वियोगात आणि पराभवाच्या दिवसांतही एका माणसाला दररोज त्याच्या स्वतःपाशी आणून बसवण्याचे काम त्याने सुमारे तीस वर्षे चोख बजावले. आज आपल्या हातातली साधने आपले लक्ष पळवण्यासाठी अतिशय कौशल्याने रचलेली असतात. लक्ष परत मिळवून देण्यासाठीही एखादे साधन तितक्याच कौशल्याने रचता येते, हे येरवड्याच्या त्या लाकडी पेटीने दाखवून दिले. अंकुशनगरच्या शिवारात यंदाही बोंडे फुटतील आणि कापूस गाड्यांतून निघून जाईल. त्यातला मूठभर कापूस कुणी सहज हाती घेतला आणि बोटांनी पिळून पाहिला, तर पहिला धागा बहुधा तुटेलच. दुसऱ्या वेळी हात आपोआप थोडा सावकाश चालेल.